दोन बटणं

अकरा महिने कोरडे गेले होते.
अकरा महिने म्हणजे किती, ते मला विचारा:
दर दिवसाचा एक ट्रामचा स्टिकर,
फ्रीजच्या दारावर जागा संपली
तेव्हा शेजारच्या कपाटावर आम्ही रूळ वळवला.

मग नोव्हेंबरात इमारतीचे जुने पाइप बदलले.
आइव्हार्स प्लंबर, भला माणूस, बूट दाराबाहेर काढून आला,
साखळीची टाकी खांद्यावर घेऊन गेला.
लोखंडी होती, गंजकी.
साखळी ओढली की आधी खोकायची,
मग वरून धबाबा कोसळायची.
खोकला ऐकला की नौरिस कान झाकायचा,
दहा मोजायचा,
हसायचा.

नवी टाकी पांढरीशुभ्र. खोकत नाही.
तिच्यावर दोन बटणं आहेत, एक मोठं, एक लहान.

बटणांचा विचार कुणी केला होता?

तो त्यांच्यासमोर उभा राहिला.
मोठं की लहान. लहान की मोठं.
बोट हवेत, ओठ हलतायत,
आणि पायजम्यातून फरशीवर
एक बारीक ओहोळ माझ्या सपातांपर्यंत आला.

त्यानंतर पडद्याआड. त्यानंतर सोफ्यामागे.
शाळेतून रोज एक पिशवी, घट्ट गाठ मारलेली,
आतलं काय ते तिच्या वजनावरून कळायचं.
लिएपायात वारा फुकट मिळतो,
लोक म्हणतात, इथेच जन्मतो तो,
पण डिसेंबरात चादर वाळत नाही, ताठ होते.
दाराच्या फळीसारखी
उचलून आडवी घरात आणावी लागते.

वरच्या मजल्यावरची स्कैद्रीते जिन्यात म्हणाली,
माझे तिघंही दीड वर्षाचे असताना शिकले.
मी म्हटलं, छान.
तज्ज्ञ बाईंनी वहीत लिहिलं, प्रतिगमन.
शब्द स्वच्छ होता, इस्त्री केलेला.
आमच्याकडे त्याला
पहिले पाढे पंचावन्न म्हणतात.

एका रात्री, तिसऱ्या चादरीला,
माझा आवाज फुटला:
सात वर्षांचा घोडा झालास!
तो रडला नाही. माझ्या खांद्यावरून
भिंतीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी टबात, कोमट पाण्यात,
रबरी बदकाला
अगदी माझ्या आवाजात,
शेवटच्या त्या चिरक्या सुरासकट,
म्हणाला: सात वर्षांचा घोडा झालास.
बदक डोलत राहिलं.
मी दाराला टेकून ऐकलं.
तीनदा.

गुंतिस गोदीतून आला, जाकीट न काढताच
लहान बटणावर पुठ्ठा चिकटवून मोकळा झाला.
नौरिसने तो नखाने सोलला, सावकाश,
कडेकडेने.
झाकलं म्हणून काय झालं,
खाली ते आहेच ना.

रविवारी मीच जाऊन बसले
झाकणावर, कपड्यांनिशी, हातात चहा.
तो दारात, एक पाय आत.
काय सुचलं कोण जाणे, मी खोकले.
त्या जुन्या टाकीसारखी,
घशाच्या तळातून, गंजकी.
त्याने कान झाकले!
मग मी मोठं बटण दाबलं.
धबाबा कुठलं, नुसती सळसळ,
कुणी रेशमी कपडा ओढून नेल्यासारखी.
दहा मोजून त्याने कान सोडले.
हसला नाही. म्हणाला, परत.

सतरा वेळा खोकले.
पाण्याचं बिल काय यायचं ते येवो.
गुंतिस स्वयंपाकघरातून ओरडला,
औषध घे काहीतरी.

सोमवारी पहाटे चादर ओलीच.
पण पलंगावर नव्हती.
पॅसेजभर तिचा ओला माग,
आणि ती टबात, बदकावर टाकलेली.
न्हाणीघराच्या अंधारातून
एक लहान, खोटा खोकला आला.
मी अंथरुणात पडून वाट पाहिली.

दहा झाले. वीसही झाले.
बटण कुठलंच वाजलं नाही.
मग पुन्हा खोकला.